अर्धा ठेवलेला भाग

कुलदीप जिन्याच्या वळणावर स्टूल टाकून उभा होता आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये मुठीएवढा पांढरा डबा बसवत होता. डब्यावरचा दिवा लाल लागला की तो खाली उतरायचा, मोबाइलमध्ये काहीतरी दाबायचा आणि पुन्हा वर चढायचा.

"ह्यो हिरवा व्हायला पायजे," तो म्हणाला. "हिरवा झाला की हॉलमधलं वायफाय वरच्या खोलीत पोचलंच म्हणून समज."

खाली नीला कठडा धरून उभी होती. दिवा हिरवा होऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि पोटच्या पोराच्या कामात आपण विघ्न चिंततोय याचा रागही येत होता.

गुरुवार होता. चाकणच्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे कुरुळीत घरोघरची राहिलेली कामं याच दिवशी निघतात. वरची खोली बांधून झाली होती, रंगाचा वासही गेला होता. टीव्ही कुलदीपच्या बायकोच्या, अपेक्षाच्या माहेरचा, म्हणजे दिघीहून लग्नात आलेला. दोन वर्षं तो खोक्यातच दिवाणाखाली पडून होता. आता नव्या खोलीत लागतोय म्हटल्यावर सासूनं नारळ फोडायला हवा होता. नीलानं त्याऐवजी दुपारी जेवताना तोंड उघडलं होतं.

"कशाला पायजे वर आनखी येक? खाली हाय की येवढा मोठा. समद्यांनी मिळून बघावा."

अपेक्षानं वाढायला घेतलेली भाकरी तशीच परत दुरडीत ठेवली. कुलदीप हसला, पण हसण्यात जरा धार होती.

"तुझ्या मालिका तुला लखलाभ, आई. अण्णा समोर बसले की तिनं काय जन्मभर स्वयंपाकघरातनंच ऐकायचा टीव्ही?"

सुनेच्या माहेरची वस्तू सासूच्या डोळ्यांत खुपते, असाच त्याचा अर्थ निघत होता. तो खोडून काढायला नीलाजवळ काही नव्हतं, कारण खरं कारण सांगायची सोय नव्हती.

खरं कारण हर्षाली. कुलदीपची धाकटी बहीण. घरामागच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये लातूरकडचा एक पोरगा राहायचा, कंपनीत होता, वेळेवर भाडं द्यायचा. एके सकाळी खोलीची किल्ली खिडकीत ठेवून तो निघून गेला आणि त्याच्याबरोबर हर्षालीही गेली. नीलाचा नवरा माऊली, म्हणजे पोरांचे अण्णा, गावात शब्दाला मान असलेला माणूस. त्यानं चार लोकांदेखत सांगून टाकलं, की आमच्यापुरती ती मेली आणि तिचं नाव या घरात निघायचं नाही. तिनंही नंबर बदलला. तीन वर्षं झाली. ती लातूरला आहे, पुण्यातच आहे, की आणखी कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एवढा कडक कायदा, पण टीव्हीनं त्याला भीक घातली नाही. मालिका-सिनेमांचं ते ॲप हर्षालीनं घरात असताना जोडलेलं. ते उघडलं की कोण बघतंय असं विचारायचं आणि पहिल्याच चौकोनात तिचं नाव दाखवायचं. पैसे वायफायच्या बिलातूनच जायचे, म्हणून कुणी ते बदलायच्या भानगडीत पडलं नाही. माऊली बातम्यांपलीकडं काही बघायचा नाही. नीला मात्र दुपारी घर निवांत झालं की त्याच चौकोनावर दाबायची आणि एका गुऱ्हाळवाल्या घराची मालिका लावायची. मध्येच पाण्याची मोटर सुरू करायला उठावं लागायचं, मग भाग अर्ध्यावर राहायचा. चित्राखाली लाल रेघ यायची, जेवढं बघून झालं तेवढी लांब.

कुलदीपच्या लग्नाला दोनेक महिने झाले असतील. आपण अर्ध्यावर सोडलेली रेघ दुसऱ्या दिवशी शेवटाला गेलेली असते, हे नीलाच्या ध्यानात आलं. आधी वाटलं, मशीनचंच काहीतरी असेल. मग एकदा तिनं कुलदीपला सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे दुसऱ्या गावातनं पण उघडतं का रे?

"पासवर्ड माहीत असला की दुबईतनं पण उघडतं," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

पासवर्ड हर्षालीनंच ठेवलेला होता. नीला गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून पोटभर रडली. भावाचं लग्न झाल्याचं पोरीच्या कानावर गेलं, तिचं मन पाघळलं, आणि आता आईचं उरलेलं ती तिकडं बसून बघते. तिला हे इतकं स्वच्छ दिसलं की पुन्हा कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

तेव्हापासून ती मुद्दाम अर्धं ठेवू लागली. रडारड आली तर ती स्वतः बघून संपवायची आणि पुढं काही चांगलं सुरू झालं की थांबायची. चांगलं पोरीच्या वाट्याला जावं एवढाच हेतू. मालिकेतली आई रुसून गेलेल्या लेकीला घरात घेते, हे आदल्या भागाच्या झलकीत दिसलं होतं; तो भाग तर तिनं नाव येताच बंद केला आणि अख्खा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो पुरा बघितलेला होता. त्या दिवशी तिनं कारण नसताना शिरा केला.

मागच्या पावसाळ्यात अपेक्षाला डेंगू झाला. नीला आठवडाभर दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होती. घरी येऊन टीव्ही लावला तर रेघ जागची हलली नव्हती. इकडं एकीला सलाइन लावलेलं आणि तिकडं दुसरीला काय झालंय ते देव जाणे, म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागला. अपेक्षा उठून हिंडूफिरू लागली आणि त्याच सुमाराला रेघही सरकली. नीलानं देवीची ओटी भरली ती दोघी पोरींच्या नावानं.

आणि आता कुलदीप तिथंच हात घालायला निघाला होता.

"झाला हिरवा!" तो वरून ओरडला.

नीला गुडघ्यावर हात टेकत जिना चढली. वरच्या खोलीत अपेक्षा टीव्हीवरचा प्लास्टिकचा पातळ कागद सोलत होती. सासूला बघून तिनं तो पटकन चुरगाळून मुठीत धरला. कुलदीपनं रिमोटनं ॲप उघडलं, एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. पडद्यावर चक्र फिरलं आणि इंग्रजीत काहीतरी लिहून आलं.

"लिमिट संपली म्हणतंय. आधीच लय मोबाइल जोडलेत. थांब, यादी बघतो आणि नको ते काढून टाकतो."

"काय काढू नगो," नीला म्हणाली. ती इतक्या जोरात म्हणाली की दोघंही वळून बघू लागली.

"अगं, काढल्याशिवाय ह्यो चालत नाय."

"नाय चालला तर नाय चालला. ऱ्हाऊ दे."

"राहू द्या ना, अहो," अपेक्षा हळूच म्हणाली. "आईंना नको वाटतंय तर खोक्यात ठेवू परत."

कुलदीपनं रिमोट मांडीवर आपटला.

"आई, तुझं नेमकं दुखतंय काय? तिच्या बापानं हौसेनं दिलेला टीव्ही. दोन वर्षं एका शब्दानं बोलली नाय ती."

बोलता बोलता त्यानं यादी उघडलीही होती. तिला वाटलं, आता दिसेल. पोरीच्या मोबाइलचं नाव दिसेल, हा ओरडेल, खाली जाऊन बापाला सांगेल, आणि उद्यापासून सगळं बंद. पण त्या भीतीच्या आतून आणखी एक आशा वर आली होती. कदाचित गावाचं नावही लिहिलेलं असेल. निदान ती कुठं आहे एवढं तरी कळेल. ती दिवाणाच्या कडेला टेकली आणि पडद्याकडं बघत राहिली.

"हॉलमधला टीव्ही," कुलदीप वाचू लागला. "माझा मोबाइल. माझा जुना मोबाइल, जो फुटला, हा काढला. अपेक्षाचा मोबाइल. तिचा पण जुना, काढला. बास."

"आनि?"

"आणि काय?"

"आनखी कुनाचा?"

"आणखी कुणाचा असणार? घरात माणसं किती?"

"नीट बघ. खाली असंल."

त्यानं आईच्या समाधानासाठी बटण खाली दाबलं. पडदा हलला नाही.

"संपलं, आई. हितं कुठनं उघडलं ते पण लिवून येतं. समदं चाकण, चाकण, चाकण. बाहेरचं एक नाय." मग अपेक्षाच्या मोबाइलपुढं काल रात्रीची वेळ आणि पहिला चौकोन दिसला आणि तो हसायला लागला. "काय गं, काल मी दुसऱ्या पाळीला असताना आईची मालिका तूच बघत होतीस व्हय?"

अपेक्षा कानापर्यंत लाल झाली.

"तुम्ही नसता तेव्हा झोप नाही लागत. हेडफोन लावून बघते उरलेला भाग."

"मग स्वतःचं नाव टाकायचं की वेगळं! आईच्याच रांगेत घुसलीस."

अपेक्षा नीलाजवळ येऊन फरशीवर बसली. प्लास्टिकचा चोळामोळा अजून तिच्या मुठीत होता.

"आई, मला वाटायचं तुम्हाला माहितीये. तुम्ही माझ्यासाठीच अर्धा ठेवता ना? ती लेक घरी परत येते तो भाग तर तुम्ही सगळाच ठेवला होता. मी आमच्या मम्मीला फोन करून सांगितलं, म्हटलं सासूबाई तोंडानं गोड बोलत नाहीत, पण आठवणीनं ठेवतात. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही शिरा केलात."

नीला तिच्या तोंडाकडं बघत राहिली. हर्षाली पहिल्यांदा गेली तेव्हा निदान घरात आरडाओरडा झाला होता, शेजारपाजार जमला होता. आता ती पुन्हा गेली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. दोन वर्षांच्या दुपारी तिनं पोरीबरोबर काढल्या होत्या आणि त्यातली एकही खरी नव्हती. समोरची पोर मात्र डोळे मोठे करून उत्तराची वाट बघत होती, आणि तिचा यात काडीचाही दोष नव्हता.

"व्हय," नीला म्हणाली. "तुझ्यासाठीच ठिवत व्हते."

अपेक्षानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तसं तिनं याआधी कधी केलं नव्हतं.

"मग मिटलंच की," कुलदीप म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता. "आई, हे पहिलं नाव हाय ना, ते बदलून अपेक्षाचं टाकतो. बघितलेलं समदं जागच्या जागी ऱ्हातं, फक्त नाव बदलतं. अण्णांच्या पण डोळ्यांपुढनं जाईल एकदाचं. टाकू का?"

"टाक," नीला म्हणाली आणि उठली.

ती खाली आली तेव्हा माऊली नुकताच डेअरीवर दूध घालून आला होता. किटली दाराशी ठेवून तो खुर्चीत बसला होता आणि धोतरानं चष्म्याची काच पुसत होता.

"जोडला का टीव्ही?"

"जोडला."

"दिसतोय का नीट?"

"दिसतोय की."

ती त्याच्यासमोर खाली भिंतीला टेकून बसली. वरून जाहिरातीचं गाणं ऐकू आलं, कुणीतरी आवाज कमी केला. चहा ठेवायची वेळ झाली होती, पण ती उठली नाही. मग तिनं मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यासमोर ते नाव घेतलं.

"हर्षाली कुटं असंल वो?"

तो भडकेल, खुर्ची सारून उठेल, अशी तिची खात्री होती. त्याला तोंड द्यायची तिनं तयारीही ठेवली होती. माऊली उठला नाही. चष्मा हातातच धरून तो तिच्याकडं बघत राहिला.

"म्हंजी? तुला ठाव न्हाई?"

"मला कसं ठाव असंल?"

"दुपारची तू खुशीत असायचीस. येकदा मी अवचित आलो तर येकटीच हसत बसलेली. मला वाटलं, पोरीचा फोन येतोय." तो थांबला. "म्हनून मी दुपारचा घरी यायचंच सोडलं. देवळापाशी बसून ऱ्हायचो. म्हटलं, मी नसलो की मायलेकी मोकळ्या बोलत्याल."

माऊली खुर्चीतून पुढं वाकला.

"फोन न्हाई आला?"

"न्हाई."

"येकदा बी न्हाई?"

तिनं मान हलवली. माऊलीनं चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. चार लोकांदेखत ज्यानं पोरीला मेलेली म्हटलं होतं, तो माणूस खुर्चीतून उतरून तिच्यासमोर फरशीवर बसला.

"मग आपली पोर हाय कुटं?" त्यानं विचारलं.