पाठी

मी एक जुनी, पाठ मोडलेली सायकल आहे. मित्रांनो, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, तुळजारामच्या घराच्या मागल्या दाराशी मी टेकून उभी असते. पुढच्या ओट्यावर बसते ती चाकांची खुर्ची. तिचं नाव काढलं तरी माझी साखळी करकरते.

एके काळी तुळजाराम माझा होता. तो रेडिओ दुरुस्त करायचा. मागे अवजारांची पेटी बांधून आम्ही कालव्याकाठच्या गावांतून हिंडायचो. माझी घंटा वाजली की बायका बंद पडलेले रेडिओ पदराने पुसत दारात यायच्या. पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले, रस्त्यावर खाजगी गाड्या वाढल्या. एका संध्याकाळी तिरुवैयारुहून परतताना एका खाजगी कंपनीच्या नव्या लाल बसने आम्हाला मागून उडवलं. माझं मागचं चाक दुमडलं. त्याच्या कण्याला मार बसला आणि पाय कायमचे लुळे पडले.

मग ती खुर्ची आली. मला पुसायचं मऊ फडकं तिला मिळालं. आयुधपूजेला तिला चंदन, कुंकू आणि मोगऱ्याचा गजरा. मला जाता जाता एक बोट कुंकू. जयलक्ष्मी, त्याची बायको, फुलं गाठताना गुणगुणायची:

सवतीला दिला बाई, ओसरीचा मान सारा
माझ्या वाटणीला आला, मागल्या दाराचा वारा

ती सहज म्हणायची. मला वाटायचं, माझंच गाते आहे.

भरपाईसाठी कोर्टात दावा लागला. त्यावरच घर चालायचं होतं, त्याची औषधंही. पण दावा अडला तो पोलिसांच्या जबाबावर. इस्पितळात शुद्ध हरपत असताना तुळजाराम म्हणे सारखं एकच सांगत होता. तमिळ हवालदाराने लिहून घेतलं, की एक पाट्टी, म्हणजे त्यांच्या भाषेत म्हातारी आजी, आडवी आली. तिला वाचवताना हा स्वतःच पडला. कंपनीच्या वकिलाने तेवढंच धरून ठेवलं. तुळजारामला तर काहीच आठवत नव्हतं. उलट तो जयलक्ष्मीला विचारायचा, ती बिचारी म्हातारी धड घरी पोचली असेल ना?

म्हातारी नव्हतीच, मित्रांनो. मला ठाऊक होतं. पण सायकलीला कोण विचारतं? कोर्टात मिरवायला जायची ती खुर्ची.

एकदा ओट्यावर बसून त्याच्या पाठीला रग लागली. जयलक्ष्मी उशी घेऊन आली, तर ती भलतीकडेच खुपसू लागली. तो म्हणाला, "पाठी गे, पाठी."

शेजारच्या शेषम्मा तमिळ बोलणाऱ्या, आमची मराठी त्यांना जेमतेम कळायची. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पाट्टी कुणाला म्हणतोस रे? मला अजून नातवंड झालेलं नाही."

तुळजाराम हसला. जयलक्ष्मी मात्र उशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इस्पितळात तुम्ही आजीला नव्हता हाका मारत. पाठी म्हणत होता. पाठीमागून आली गाडी."

पुढच्या तारखेला आमचे वकील वादिराज यांनी टेम्पो आणला आणि मलाही कोर्टात नेलं. वाटेत खुर्ची माझ्या शेजारी होती. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. कंपनीचा वकील म्हणाला की भाषेची ही गंमत घरी बसून रचलेली आहे. न्यायाधीश जागचे उठले. ते व्हरांड्यात आले, माझ्यापाशी वाकले. माझं पुढचं चाक सरळ होतं. मागचं दुमडलेलं, मडगार्डवर लाल रंगाचा ओरखडा. मग त्यांनी तुळजारामला तो शब्द त्याच्या बोलीत म्हणायला सांगितलं.

"पाठी," तुळजाराम म्हणाला.

"पाट्टी," न्यायाधीशांनी आपल्या तमिळ जिभेने तसाच म्हणून पाहिला.

व्हरांडा हसला. न्यायाधीशांना क्षणभराने उमगलं, मग तेही हसले. निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाई कंपनीने द्यायची ठरली.

घरी आल्यावर तुळजारामने माझ्या मोडक्या कण्यावरून हात फिरवला. म्हणाला, "आपल्या दोघांची पाठ एकदमच मोडली, नाही का?" मी फुलून गेले. आणि लगेच त्याने पाना मागवला, माझी घंटा काढली आणि खुर्चीच्या हाताला बसवली. तेवढी एक उरली होती, तीही तिला.

आता ओट्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो खुर्चीत बसून हाताने चाकं ढकलत गल्लीत निघतो आणि घंटा वाजवतो, तेव्हा दारं उघडतात आणि बायका म्हणतात, रेडिओवाला आला. खुर्चीला वाटतं, तिला ओळखतात. ओळखतात माझ्या आवाजाला.

मित्रांनो, रस्त्यात तुमच्या पुढे कुणी हळू चालला असेल, तर मागून घाई करू नका. कुणी कळवळून काही सांगत असेल, तर त्याच्या बोलीत ते काय आहे, एकदा पुन्हा विचारा. आणि खुर्चीच्या चाकांना तेल घालाल, तेव्हा दोन थेंब मागल्या दारीही आणा. हेवा आणि गंज, दोन्ही मला एकदमच चढतात.