वार्निशचा आणखी एक हात

कपाट वाळलं होतं. चांगलं खडखडीत वाळून कितीतरी दिवस झाले होते, पण ही गोष्ट थोरलीशिवाय कुणालाच माहीत नव्हती. बाहेर जाहीर झालेली बातमी एवढीच, की अजून वार्निशचा एक हात द्यायचा राहिलाय.

दोघी बहिणींनी एकाच घरात अर्धं आयुष्य काढलं होतं. लग्नं केली नाहीत, कुणी विचारलंच तर थोरली म्हणायची, "वेळ कुठे होता आम्हाला?" नोकरीवरून घरी आलं की जुन्यापान्या वस्तूंवर कागद चिकटवत बसायचं, हा दोघींचा नाद. या कलेला डेकूपाज असं भारदस्त नाव आहे. धाकटी तिला सरळ चिकटवाचिकटवी म्हणायची. छापील पेपर नॅपकिनचा वरचा पातळ पदर अलगद सोडवायचा, त्यातली फुलं-पाखरं कापायची, पातळ केलेल्या गोंदाने ती लाकडावर बसवायची आणि वरून वार्निश. ट्रे, स्टुलं, बिस्किटांचे डबे, दिव्यांच्या शेड; जागेवर गप उभी राहील अशी एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. पाहुणे म्हणायचे, इथे फार वेळ टेकू नका, आपल्यालाही फुलं डकवतील.

कामाची वाटणी पक्की. कापायचं धाकटीने, चिकटवायचं थोरलीने. गवताचं पातंसुद्धा धाकटीच्या कात्रीतून अख्खं बाहेर यायचं, आणि थोरलीचा ब्रश मधून कडेकडे असा फिरायचा की सुरकुती नाही, बुडबुडा नाही. एकीने दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा त्या घरातला एकुलता एक कायदा होता.

आणि मग पन्नाशी उलटल्यावर धाकटीने लग्न केलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका शांत स्वभावाच्या विधुराशी. थोरलीने बातमी ऐकली आणि म्हणाली, "जा की. माझं काय अडतंय? उलट घरात जागा होईल." पडलो तरी नाक वर, ही तिची जुनीच खोड.

जागा झाली. इतकी झाली की घर खायला उठलं. संध्याकाळी ती ब्रश घेऊन बसायची, पण समोर कात्रीचा आवाज नसायचा. असा काही आवाज असतो हेच तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तिने स्वतः कापून पाहिलं. फुलांचे देठ तुटले, पाखरांच्या चोची गेल्या. तिने ते सगळं गोळा करून केरात टाकलं आणि लवकर झोपली. झोप आली नाही, तो भाग वेगळा.

धाकटी रविवारी यायची. यायची आणि आपली एखादी वस्तू घेऊन जायची. आधी तिचा दिवा गेला, मग स्टूल, मग शिलाई मशीन, मग जाड ब्लँकेट. घर रिकामं होतंय याचं थोरलीला काही नव्हतं. या वस्तू एक दिवस संपतील आणि मग हिचं येणंही संपेल, या भीतीने तिला ग्रासलं होतं. तोंडाने मात्र "हे पण घेऊन जा, अडगळ नुसती" म्हणायची. आता हिला काय म्हणावं?

शेवटी उरलं ते दोन दारांचं कपाट. आईने ते धाकटीच्या नावाने ठेवलेलं.

"असं बोडकं नको नेऊस," थोरली म्हणाली. "मी सजवून देते."

धाकटी खूश झाली. थोरलीने दोन्ही दारांभर पसरेल असा मोठा कागद आणला, पाणथळीतले बगळे आणि उंच गवत असलेला. कापाकापीच नको. दोन दिवसांत तो चिकटवून झाला, आणि मग सुरू झालं वार्निश. हवा दमट आहे. कड जरा पांढरट दिसतेय. पॉलिश पेपरने घासून परत एक हात देते. धाकटी यायची, लांबूनच बघायची, चहा प्यायची आणि "बरं, पुढच्या रविवारी" म्हणून जायची. अगदीच धडधडीत खोटं नको म्हणून थोरली मधल्या दिवसांत खरोखरच एक हात द्यायची.

असे बरेच रविवार निभावले. एका रविवारी मात्र धाकटीबरोबर तिचे यजमान टेम्पो घेऊनच दारात हजर.

"ताई, आज वाळलं असेलच," ते म्हणाले. "आतल्या फळ्या काढून घेतो, म्हणजे उचलायला हलकं."

त्यांनी मूठ धरून ओढली. दार हललं नाही. जोर लावला, तर अख्खं कपाटच पुढे सरकलं.

"किल्ली कुठाय?"

"कुलूपच नाही त्याला," थोरली म्हणाली.

धाकटी जवळ आली. दोन दारांच्या मधे बोट फिरवलं. मधे फटच नव्हती. बगळ्याचा पंख या दारावरून त्या दारावर सलग गेला होता, आणि वर वार्निशचा थर.

"ताई, फट कापली नाहीस?"

थोरलीने जीभ चावली. फटीवरून ब्लेड फिरवणं तिचं काम नव्हतंच कधी. कागद वाळला की प्रत्येक दाराची, प्रत्येक ड्रॉवरची फट धाकटीच मोकळी करायची. थोरलीने चिकटवलं आणि ती जणू वाट बघत बसली, की आता दुसरी येईल आणि कापेल.

धाकटी खो खो हसली. हसताहसता तिने कडेला नख लावलं, आणि तिचं हसू थांबलं.

"किती हात दिलेस गं?"

"दोन-तीन."

"ताई."

"मोजले नाहीत."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, हे अजून ओलंच आहे. टेम्पो परत पाठवा."

यजमानांचा हात त्या कोरड्या ठणठणीत दारावरच होता. बायकोचा चेहरा बघून त्यांनी तो हळूच मागे घेतला. संसाराचा हा दुसरा डाव, माणूस समजूतदार होता.

थोरलीला आयती सुटका मिळाली होती. पण ती दया होती, आणि ती तिला गिळवेना.

"वाळलंय," ती म्हणाली. "कधीचंच वाळलंय. मी खोटं बोलत होते. हे गेलं की तू यायची बंद होशील म्हणून."

यजमान "टेम्पोवाल्याला जरा थांबायला सांगून येतो" असं पुटपुटत बाहेर गेले. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली.

"लग्नानंतर मी पहिल्यांदा आले, तेव्हा दारातच तू काय विचारलंस, आठवतं?"

थोरलीला आठवेना.

"'काय विसरलीस?' म्हणालीस. मी काहीसुद्धा विसरले नव्हते गं. नुसती आले होते. पण तू विचारलंस, म्हणून दिवा उचलला आणि गेले. मग दर वेळी काहीतरी उचलायला लागले. त्या दिव्याला माझ्या घरात जागासुद्धा नाही. सगळं पलंगाखाली पडलंय."

"मला करमत नाही तुझ्याशिवाय," थोरली म्हणाली. इतक्या महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं, आणि निघालं तेव्हा फारच साधं निघालं.

"मग एकदा तरी माझ्याकडे यायचंस. किती वेळा बोलावलं तुला!"



धाकटीने डोळे पुसले, ब्लेड शोधलं आणि वरून खालपर्यंत एका दमात फिरवलं. बगळ्याचा पंख मधोमध सरळ चिरला गेला. दारं करकरत उघडली. आत रिकाम्या फळ्यांशिवाय काहीच नव्हतं.

कपाट टेम्पोत चढलं. ते धरायला यजमान मागे बसले, आणि धाकटी पुढे ड्रायव्हरशेजारी. या वेळी तिने "चल" म्हटलं नाही. ती समोर रस्त्याकडे बघत राहिली.

थोरली दारात उभी होती. मागच्या खोलीत भिंतीवर कपाटाच्या आकाराचा उजळ चौकोन उरला होता, आणि काही झालं तरी रात्री त्याच्याचसमोर परत यायचं होतं. टेम्पो सुरू झाला. तिने घाईघाईने दार ओढलं, पायात चपला सरकवल्या आणि टेम्पोच्या खिडकीपाशी गेली.

"मी येऊ का गं?" तिने विचारलं. "नुसतीच."

धाकटी सरकून बसली.