सोळा मात्रांचा विसावा

वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर फळी निकांद्रोने आमच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, टॉर्टियांच्या टोपलीशेजारी ठेवली.

"हात फिरवून बघ, कोंपाद्रे. रविवारी एस्मेराल्दाचं उद्घाटन आहे आणि माझा जीव खालीवर होतोय. ते मंडळाचे इंजिनियर म्हणतात, नव्या जमिनीला असा लेप दिलाय की दहा वर्षं मेण नको, काही नको. तू काय म्हणतोस, सेफेरिनो?"

त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्यात मी धर्मपिता झालो, तेव्हापासून आम्ही एकमेकांस कोंपाद्रे म्हणतो. प्रतिस्पर्धी मात्र त्याही आधीपासून. मेक्सिको शहरातील आमच्या जुन्या वस्तीत, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंस दोन नृत्यगृहे होती. एस्मेराल्दा, म्हणजे पाचू, हे त्याचे; गार्डेनिया माझे. मालक निराळे, परंतु नाचाची लाकडी जमीन राखणारे आम्ही, म्हणून लोकही तसेच म्हणत. एकतीस वर्षे मी दर शनिवारी गुडघे टेकून त्या फळ्यांवर मेणबत्ती किसली आणि फडक्याने घासली. दान्सोन हा आमचा संथ जोडीनाच; तो नाचणाऱ्याच्या बुटाचा चामडी तळवा घसरता कामा नये आणि अडकताही कामा नये. या दोहोंमध्ये जी केसभर जागा आहे, तेवढीच माझी विद्या.

पुढे वस्तीचे पुनरुज्जीवन करण्यास सरकारी मंडळ आले. त्यांना एकच नृत्यगृह वाचवणे शक्य होते. एस्मेराल्दाच्या छतावर प्लास्टरची फुले होती, गार्डेनियाच्या छतावर पत्रा. गार्डेनियाचे कॉफीगृह झाले आणि माझ्या फळ्या उपटून त्यांची टेबले करण्यात आली. एकदा मी आत डोकावलो असता एक तरुणी माझ्या फळीवर कोपरे टेकून केक खात होती. पुन्हा मी त्या दारातून गेलो नाही. मत्सर हा शब्द मी पुष्कळदा वाचला होता. त्याचे वजन मला त्या वर्षी कळले.

मी फळीवर अंगठा फिरवला. तो मध्येच अडखळून थांबला. त्याच क्षणी मला सर्व उमगले. या लेपावर चामडे वळणार नाही. "मेणबत्ती किस आणि दोनदा घास," एवढे सांगणे पुरेसे होते.

"छान आहे," मी म्हणालो. "काचेसारखी."

"खरं ना? तू म्हणालास म्हणजे झालं!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे वळला. "ओदिलिया, पहिला दान्सोन माझ्याबरोबर हं. या म्हाताऱ्याला विचारत बसू नकोस."

"त्याला काय विचारायचं? तीस वर्षं कडेला उभा राहून माझे पायच बघतोय," ओदिलिया हसली.

ते सत्य होते. संगीत सुरू असताना राखणदाराने जमिनीवर पाऊल ठेवायचे नाही, असा नियम मला माझ्या गुरूने घालून दिला होता. ओदिलिया इतरांबरोबर नाचत असे आणि मला त्याचे कधीही दुःख झाले नाही. तिचा हात कोणाच्याही हातात असो, तिच्या पायांखाली मी होतो. आता तेथे निकांद्रो असणार होता.

रविवारी दुपारी तिने हिरवा झगा घातला.

"हिरवाच कशाला?" मी विचारले.

"मग काय काळा घालू? कोण मेलंय?"

"गार्डेनिया."

"जमीन गेली, म्हाताऱ्या. तू अजून आहेस. चल, टाय नीट कर."

रस्ता ओलांडताना मी दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले.

एस्मेराल्दामध्ये फुले होती, अधिकारी होते, भाषणे होती. तदनंतर वाद्यवृंदाचा प्रमुख ध्वनिवर्धकापाशी आला. दान्सोन कोणासाठी वाजणार, हे प्रथम जाहीर करण्याची आमच्याकडे रीत आहे. "हा दान्सोन अर्पण," तो गरजला, "एस्मेराल्दाचे राखणदार निकांद्रो आणि त्यांच्या सोबत्यांना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणा राखणदाराच्या नावे दान्सोन वाजल्याचे मी आजन्म ऐकले नव्हते. माझे दोन्ही हात मांडीवर पडून राहिले.

दान्सोनमध्ये ध्रुवपद पुनःपुन्हा येते, आणि ते वाजत असता कोणी नाचत नाही. सोळा मात्रा जोड्या उभ्या राहतात, स्त्रिया पंखे हलवतात. तो विसावा संपला आणि नाच सुरू झाला. पहिल्याच गिरकीस ओदिलियाचे शरीर वळले, उजवा बूट मात्र वळला नाही. तिचा गुडघा मुरगळलेला मी माझ्या खुर्चीवरून पाहिला. निकांद्रोने तिला सावरले. आसपास आणखी तीन जोड्या अडखळल्या.

"जमीन आहे की च्युइंगम?" कोणीतरी ओरडले. लोक हसले.

निकांद्रोचा चेहरा पांढराफटक पडला. गर्दीवरून त्याने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत आरोप असता तर मला सोपे गेले असते. तो केवळ मदत मागत होता.

पुन्हा ध्रुवपद आले. दान्सोन संपेपर्यंत जमीन सोडायची नाही, ही ओदिलियाची शिस्त. ती एका पायावर भार देऊन उभी राहिली. तिने पंखा उघडला नाही. तीही माझ्याकडेच पाहत होती, आणि मला आठवले की फळीवर माझा अंगठा थांबला त्या वेळी ती तेथेच उभी होती.

मेणबत्ती आणि चाकू माझ्या खिशात सदैव असतात. मी उठलो आणि आयुष्यात प्रथमच वाजत्या संगीतात जमिनीवर गेलो. तिच्या बुटांपाशी गुडघे टेकले.

"तुला माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"हो."

"त्या दिवसापासून?"

"हो."

"मग आता नीट किस. डाव्या पायाखाली पण."

निकांद्रो वाकला. "काचेसारखी म्हणालास तू."

"म्हणालो."

"काचेवर कुणी नाचतं का, कोंपाद्रे? मलाच कळायला हवं होतं," असे म्हणून त्याने स्वतःच्या खिशातला रुमाल काढला आणि माझ्या शेजारी बसून मेण घासू लागला.

"इकडे पण या, सेफेरिनो!" पलीकडील जोडप्याने हाक मारली. मी गुडघ्यांवरच सरकत गेलो. तेथून आणखी पुढे. मात्रा मोजण्याचे भान राहिले नाही. निकांद्रो उठून ओदिलियाचा हात धरून उभा राहिला, तेव्हा विसावा सरला होता आणि मी जमिनीच्या ऐन मध्यभागी होतो.

उठलो असतो तर कोणाच्यातरी वाटेत आलो असतो. म्हणून मी तेथेच गुडघे टेकून राहिलो. जोड्या माझ्याभोवती फिरू लागल्या. चामड्याची मेणावरची ती मऊ सळसळ मला पाठीमागून ऐकू आली. त्यातील एक पाऊल किंचित लंगडत होते. हिरव्या झग्याचा काठ माझ्या खांद्याला घासून पुढे गेला.

मेणबत्तीचा बोटभर तुकडा उरला होता. पुढल्या विसाव्यापर्यंत तो मऊ राहावा म्हणून मी तो मुठीत धरून ठेवला.