पाठीवरचा डबा

मी एक डबा बोलतोय. पाच लिटरचा, प्लॅस्टिकचा. कारखान्यात माझ्यात गोडेतेल भरलं, तेव्हा वाटलं, भरलेलं राहणं हेच आपलं काम. तेल संपलं आणि महाळुंगे पडवळच्या जानकाबाईंनी मला घासूनपुसून, झाकण घट्ट लावून खुंटीला टांगलं. म्हणे, आता रिकामाच बरा. तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

जानकाबाईंची नवी सून स्नेहा. ओतूरची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. मोटर चालू करायला रोज मळ्यातल्या विहिरीपाशी जावं लागे आणि पाण्याच्या भीतीनं ती विहिरीकडं पाठ करूनच बटण दाबे. जन्म याच विहिरीच्या काठाला काढायचा, तर भीती घालवायलाच हवी. म्हणून तिनं पोहायला शिकायचं ठरवलं आणि मला पाठीला बांधलं. माणसं जिवावर बेतलं की डबाभर हवेवर भरवसा ठेवतात, हे नवलच.

ध्येय मात्र नवऱ्यानं, संघर्षनं, ठरवून दिलं. "आठ दिवसांत तळातला गाळ वर काढून दाखव. स्वप्न कसं मोठं पायजे!"

"गाळाला पोकलेन हाय की," जानकाबाई म्हणाल्या. "सुनंला कशाला धाडतो तळात?"

तरी स्नेहानं बुडी मारली. ती खाली जाऊ बघे, मी तिला वर ओढी. मी वाचवत होतो की अडवत होतो? तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. ती रडत घरी गेली, मी परत खुंटीवर.

मग ती मोटरीसाठी नणंदेला, जयाला, धाडू लागली.

"वहिनी, मी सासरी गेल्यावर काय करशील गं?" जया विचारायची.

एका सकाळी जानकाबाईंनी मला पुन्हा स्नेहाच्या पाठीला बांधलं आणि पदर खोचून त्या स्वतःच पाण्यात उतरल्या. "ह्या पायरीवरनं त्या मोटरीच्या पाइपापत्तुर. बास."

"येवढंच?"

"येवढंच."

स्नेहा पोचली. "आत्या, अजून एकदा जाऊ?" सासूला ती आत्या म्हणे.

"न्हाई. उद्याला थोडी हाव राहू दे."

दुसऱ्या दिवशी सासूनं माझं झाकण उघडलं. "ह्याच्यात रोज थोडं पाणी वतायचं. किती, ते तुझं तू ठरव."

स्नेहा कधी तांब्याभर ओते, कधी चूळभर. ताप येऊन गेला, तेव्हा आधीचं थोडं काढूनही टाकलं. मी पार चक्रावलो. मी भरत चाललो होतो आणि तरंगत ती होती!

काल मी काठोकाठ भरलो. पाण्यानं भरलेला डबा पाण्यात ना तारतो, ना बुडवतो. पाइपाला हात लावून परतताना स्नेहा ओरडली, "आत्या, डबा सुटला का काय? पाठीला लागतच नाय!"

"हाय तिथंच. तुझी तूच पवतीय."

आज ती एकटीच आली. मोटर चालू केली, खालच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले आणि गुणगुणत घरी गेली. कालपासून मी पायरीवर भरलेलाच पडलोय; मला घरी न्यायचं ती विसरलीच. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, उमगत नाही.

कुणाला पाण्याची भीती वाटत असेल, तर या. मला ओतून रिकामा करा, झाकण घट्ट लावा. मला यातलं काहीच कळलेलं नाही. तरंगता मात्र येतं.