मातीच्या हातांनी चालणारा फोन

मित्रांनो, मी जुना स्मार्टफोन आहे, पण मोडीत निघालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या छातीवर अक्षरांची बटणं आहेत आणि वर आगपेटीएवढा पडदा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! एका कुंभाराच्या घरी आलो. त्याची बायको दोन्ही अंगठ्यांनी टकाटक निरोप लिहायची आणि शेजारणी तोंडात बोटं घालायच्या. नवरा मोठा रांजण घडवत असताना त्याच्या हातांचा व्हिडिओही तिने माझ्यावरच काढला.

मग बटणं नसलेले चकचकीत फोन आले आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. शेजारी गंजक्या किल्ल्या. कुणी ड्रॉवर उघडला की मला आशा वाटायची. हात किल्ली घेऊन निघून जायचा. फार वाईट वाटायचं.

पुढे कुंभार पडला आणि त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. रांजण घडवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. चाक विकायचं ठरलं. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं.

"बाबा, मी रांजण घडवला तर चाक ठेवाल?" कुंभाराच्या मुलीने विचारलं.

"घडव तर आधी! सांगून येत नाही ते, हात बघावे लागतात."

तेव्हा आईला माझी आठवण झाली. मला बाहेर काढलं, चार्जरला लावलं, आणि काय सांगू, तो हातांचा व्हिडिओ नव्या फोनवर घेऊन मला पुन्हा बाजूला सारलं!

पण मुलीचे हात कोपरापर्यंत ओल्या मातीचे. व्हिडिओ थांबवायला जावं तर नवा फोन पुढे पळे, मागे न्यावं तर भलतंच काही उघडे. तोवर रांजण ढासळे.

"अगं, हा फोन रांजण शिकवतोय की मांजर नाचवतोय?" बाबा वैतागले.

"त्या जुन्याला बटणं आहेत की!" आई म्हणाली.

मित्रांनो, माझा ऊर भरून आला. मुलीने करंगळीच्या पेराने बटण दाबलं, मी थांबलो. पुन्हा दाबलं, चालू झालो. हात मातीचे असोत नाहीतर लोण्याचे, मला काय त्याचं! माझ्या पडद्यावर बाबांचे धडधाकट हात गळा निमुळता करत होते, आणि समोर लेकीचे.

"अंगठा आत ठेव... घाई नको," बाबा पुटपुटत होते. त्यांचे डोळे भरले होते.

किती रांजण कोसळले, विचारू नका. पण रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा दारात गुडघ्याएवढा ओला रांजण ऐटीत उभा होता. बाबांनी त्या रांजणाला कुणाला हातही लावू दिला नाही.

"चाक दाखवता ना?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"बघा की," बाबा म्हणाले. "पण रिकामं नाही. लेक बसलीय त्यावर."

मित्रांनो, तुमच्या ड्रॉवरमध्येही माझे भाऊबंद असतील. त्यांना पुसा, चार्ज करा, कामाला लावा. माझ्या बटणांच्या फटींत आज माती बसली आहे आणि मी ती दागिन्यासारखी मिरवतो. बरं, आता बोलायला सवड नाही. दुसऱ्या रांजणाचा गळा आला आहे, करंगळी येईलच.