कबुतरखान्यामागचा चर

एल्स्बी गावात अक्कल असलेली माणसं दोनच झाली, असं हेस्टर थर्लोचं ठाम मत होतं. त्यातला एक, तिचा नवरा गिल्बर्ट, अकरा वर्षांपूर्वी वारला होता. दुसरी ती स्वतः. ती आत्ता कबुतरखान्यामागच्या कुरणात, कमरेएवढ्या चरात, गुडघ्यांखाली उशी घेऊन थापीने माती खरवडत होती. काठावर उभ्या असलेल्यांकडे मान वर करून बघण्याचीही तिची तयारी नव्हती.

काठावर गावातलं इतिहास मंडळ उभं होतं. निवृत्त दंतवैद्य होता, चर्चमध्ये फुलं रचणाऱ्या दोघी बहिणी होत्या, आणि खापराचा तुकडा दिसला की 'रोमन!' म्हणून ओरडणारा पोस्टमन होता. सगळ्यांच्या गुडघ्यांना नव्याकोऱ्या रबरी गाद्या बांधलेल्या. इतकी गुडघ्यांची काळजी घेणाऱ्यांनी घरी बसून विणकाम करावं, असं हेस्टरला वाटे आणि ती ते बोलूनही दाखवी. या सर्वांच्या पुढे, पीस खोचलेली टोपी घालून, मंडळाचा अध्यक्ष डेस्मंड क्रीझी. त्याचं लिंकनला न्हाणीघराच्या नळांचं दुकान होतं. लहानपणी तो गिल्बर्टच्या भूगोलाच्या वर्गात बसायचा. 'आणि नापास व्हायचा,' हे हेस्टर न विसरता जोडायची.

प्रश्न होता एल्स्बी हॉलचा. अडीचशे वर्षांपूर्वी मालकाने तो वाडा पाडला, दगड विकले आणि तो बाथ शहरात जाऊन राहिला. मागे ना चित्र राहिलं, ना नकाशा. गिल्बर्टने सगळी हयात सांगितलं, की वाडा याच कुरणात होता. इथले उंचवटे म्हणजे त्याच्या भिंती. त्याने काड्यापेटीच्या काड्यांचा अख्खा वाडा करून चर्चच्या सभागृहात काचेखाली ठेवला होता. खिडक्या किती होत्या हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. गिल्बर्टने त्या ठरवल्या, आणि हेस्टरने एकेका खिडकीला अभ्रकाचं तावदान लावलं.

आता डेस्मंडने जमिनीखालच्या भिंती हुडकणारं यंत्र कुठूनसं आणून ओढ्याकाठच्या स्वतःच्याच कुरणात फिरवलं होतं, आणि वाडा तिथे होता असं म्हणायला लागला होता. ग्रामपंचायत माहितीफलक एकच लावणार होती. बैठकीत हेस्टरने टेबलावर हात आपटला, आधी कबुतरखान्यामागे खणा म्हणाली. डेस्मंडने विरोध केला. "कशाला उगाच उकरायचं, हेस्टरबाई?" एवढंच म्हणाला. "घाबरलास!" ती म्हणाली, आणि मतं तिच्या बाजूने पडली. रविवारपर्यंत काही निघालं तर फलक इथे लागणार होता, गिल्बर्टच्या नावासकट. नाही निघालं तर तो डेस्मंडच्या ओढ्याकाठी लागणार, आणि काड्यांचा वाडा सभागृहाच्या माळ्यावर, नाताळच्या झालरींशेजारी जाणार.

"काय हेस्टरबाई," पोस्टमनने वरून विचारलं, "दिवाणखाना लागला की अजून अंगणातच आहात?"

"तू पत्रं वाट. ती तरी बरोबर घरी पोचतात का बघ."

दोघी बहिणी खुदखुदल्या. डेस्मंड हातातली मांसाची पेस्ट्री चावत राहिला.

कामावर देखरेख करायला जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्याकडून इमोजेन बेट्स नावाची मुलगी आली होती. नाकात बारीकशी मोरणी, केस अर्धे कापलेले. हेस्टरने पहिल्याच दिवशी तिला नापास करून टाकलं होतं. पण शनिवारी दुपारी तीच मुलगी चराच्या भिंतीशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "इथली माती बघा. सगळी कालवलेली, भुसभुशीत. शेजारची घट्ट आहे. इथे आधी कुणीतरी खणलंय, सरळ रेषेत."

मंडळात एकदम जीव आला. वाडा पडला, की गावकरी पायाचे दगडसुद्धा उपसून नेतात, मागे रिकामा चर राहतो आणि तो भरून येतो. जमीन उकरणारे त्याला चोरांचा चर म्हणतात. भिंत गेली तरी भिंतीची जागा राहते. कुठल्याही इतिहास मंडळाला अशी न दिसणारी भिंत दिसणाऱ्या भिंतीपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यावर हवं ते बांधता येतं.

"म्हणजे भिंत होती!" दंतवैद्य म्हणाला.

"आजच काही सांगता येत नाही," इमोजेन म्हणाली. "तळ बघू आधी."

पण ऐकतंय कोण? संध्याकाळी गावच्या पबमध्ये हेस्टर आयुष्यात पहिल्यांदा काउंटरपाशी उभी राहिली, शेरीचा पेला हातात घेऊन. "खणायचं असतं आंधळ्यांनी," ती म्हणाली. "गिल्बर्टला नुसतं बघून कळलं होतं. फलकाचा मजकूर मी लिहीन. क्रीझीच्या हाती दिला तर त्यात नळांची जाहिरात यायची." लोक हसले. डेस्मंड कोपऱ्यात बसून तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. तिला ते पराभूताचं बघणं वाटलं. तिने त्याच्याकडे पाठ केली.

रविवारी सगळे चर्चमध्ये असताना ती एकटीच कुरणात आली. देवाला तिने सांगून ठेवलं होतं की आज जमणार नाही. तळाशी पिवळी चिकणमाती लागायला लागली होती. पायाचा एखादा दगड, चुन्याचं एखादं ढेकूळ तरी चोरांनी मागे टाकलं असेल, या आशेने ती कोपऱ्यात खरवडत होती. थापीला काहीतरी टणक लागलं.

दगड नव्हता, नाणं होतं. तांब्याचं एक पेनीचं. तिने अंगठ्याने माती पुसली. राणीचं डोकं, आणि त्याच्या कडेने साल, एकोणीसशे शहात्तर.

खणणाऱ्यांची एक रीत आहे. चर बुजवायच्या आधी तळाशी त्या वर्षीचं चालू नाणं टाकायचं, म्हणजे पुढे कधी कुणी तिथे उतरला तर त्याला कळतं की आपण पहिले नाही. ही रीत मंडळाला गिल्बर्टनेच शिकवली होती. नाणं नेहमी कोपऱ्यात, राणी वर.

राणी वरच होती.

हेस्टर चरात खाली बसली. आता तिला चराच्या भिंती दिसायला लागल्या. दगड चोरणारे घाईत असतात, त्यांचा चर वेडावाकडा असतो. ही बाजू फूटपट्टी लावून कापल्यासारखी होती, कोपरा काटकोनात. असा कोपरा कापणारा माणूस तिने सदतीस वर्षं सांभाळला होता. तो पावाच्या कडासुद्धा अशाच कापायचा.

शहात्तरचा तो कोरडा उन्हाळा. गवत करपून जमिनीतल्या, भिंतींसारख्या दिसणाऱ्या रेषा वर आल्या होत्या. ती मुलांना घेऊन बहिणीकडे स्कारबरोला गेली होती, आणि परत आली तेव्हा गिल्बर्टच्या हातांना फोड आले होते. कुंपण दुरुस्त केलं, म्हणाला. त्याच हिवाळ्यात त्याने काड्यांचा वाडा करायला घेतला. आणि 'खणायचं असतं आंधळ्यांनी' हेही तो तेव्हापासूनच म्हणायला लागला होता. तेच वाक्य ती काल संध्याकाळी पबभर वाटत होती.

"सापडलं का?"

काठावर डेस्मंड उभा होता. तोही चर्चला गेला नव्हता. त्याने तिच्या तळहाताकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "नांगरणाऱ्याच्या खिशातून पडलं असेल. पडतात अशी नाणी."

"या कुरणाला नांगर कधी लागलेला नाही. तुला ठाऊक आहे ते." तिने मान वर केली. "तुला धक्का कसा नाही बसला रे?"

तो टोपीतलं पीस सरळ करायला लागला.

"डेस्मंड!"

"मातीच्या बादल्या मीच ओढत होतो, बाई. एकोणीस वर्षांचा होतो. गवतातल्या त्या रेषा निघाल्या पाणी काढायच्या खापरी नळाच्या. खाली नुसती चिकणमाती. सर इथेच, या कोपऱ्यात, बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, कुठे बोलू नकोस."

"आणि तू बोलला नाहीस. एवढा सज्जन केव्हापासून झालास?"

"सज्जन कसला," डेस्मंड ओशाळून म्हणाला. "पुढच्याच वर्षी त्यांनी मला मंडळाचा चिटणीस केलं. नंतर अध्यक्ष. मला बरं वाटलं."

म्हणजे हे असं होतं. एकाने खोटं सांगितलं, दुसऱ्याने खुर्ची घेतली, आणि तिने खिडक्यांना तावदानं लावली.

डेस्मंड खाली वाकला. "ऐका हेस्टरबाई. ते नाणं खिशात टाका. पोरीला चोरांचा चर वाटतोय तर वाटू दे. माझं यंत्र बिघडलं होतं म्हणून सांगतो मी. फलक इथेच लागेल, सरांच्या नावाने. कुणाचं काय जातंय? सगळ्यांचंच भागेल."

त्याने हे अगदी हळू सांगितलं, आजारी माणसाशी बोलावं तसं. त्याने खिल्ली उडवली असती तर हेस्टरने ती परतवली असती. टोमणा मारला असता तर दुप्पट मारला असता. पण हा नळवाला, हा भूगोलात नापास झालेला पोरगा, तिची कीव करत होता. आजच नव्हे, बैठकीत विरोध केला तेव्हाही. किती वर्षं करत असेल कोण जाणे. आणि आता हे नाणं खिशात टाकलं, की रोज सकाळी दूध आणायला जाताना तिला या पिसाच्या टोपीकडे बघून मनातल्या मनात आभार मानावे लागणार होते.

गिल्बर्टचं नाव एका पारड्यात होतं आणि क्रीझीचे उपकार दुसऱ्यात. तिला फार वेळ लागला नाही.

चर्च सुटलं होतं. मंडळी कुरणातून येत होती, पुढे इमोजेन.

"ए पोरी, इकडे ये," हेस्टरने हाक मारली. "हे घे. तळाशी, या कोपऱ्यात, राणी वर. पिशवीत घाल आणि वर नीट लिही, की चोरबीर कुणी नाही. हा चर माझ्या नवऱ्याने खणलाय, शहात्तर साली. त्याला काही सापडलं नाही, आणि तेवढं सोडून बाकी सगळं तो गावाला सांगत बसला."

दंतवैद्य आपल्या गुडघ्यांवरच्या गाद्यांकडे बघायला लागला. बहिणींपैकी धाकटी म्हणाली, "चहा टाकू का?" आणि उत्तराची वाट न बघता निघाली.

इमोजेनने नाणं घेतलं, चराच्या भिंतीवरून बोट फिरवलं, आणि काहीतरी बरं बोलायला हवं म्हणून म्हणाली, "कडा मात्र फार सुरेख कापल्यात, थर्लोबाई."

"हो. त्याचं सगळंच नीटनेटकं असायचं. खोटंसुद्धा."

मग तिचं लक्ष वर गेलं. डेस्मंडने टोपी काढून छातीशी धरली होती.

"टोपी घाल ती," हेस्टर म्हणाली. "ऊन लागेल. इथे कुणाचं दफन चाललेलं नाही." आणि गुडघ्यांखालची उशी सरळ करून तिने इमोजेनला विचारलं, "मापं घ्यायची आहेत ना? मग फीत दे, एक टोक मी धरते."