कोर्टात चालतं

बाबाजी मुन्शीला भाईंदर पूर्वेचा अख्खा नाका वकीलसाहेब म्हणायचा, आणि बाबाजी कधी कुणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडला नाही. वकिली त्यानं पाहिली होती ती बाहेरून, कोर्टाच्या फाटकासमोर टायपिंगचं टेबल टाकून. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्यांना तो सांगायचा, "जजसमोर हात जोडा, गुन्हा कबूल म्हणा, दंड भरा, घरी जा." भाडेकरार, नावातला बदल, शेजाऱ्याशी भांडण, नवऱ्याशी भांडण, सगळ्यावर त्याच्याकडे स्टॅम्पपेपरचा उतारा होता. उठता उठता गिऱ्हाईक भीत भीत विचारायचं, "साहेब, हे कोर्टात चालेल ना?" बाबाजी चष्मा कपाळावर चढवायचा आणि एकच शब्द बोलायचा, "चालतं."

मिनलनं तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला रडू कोसळलं होतं, सुखानं. तिचा नवरा खंडू काशीमीऱ्याच्या गॅरेजात दिवसभर पत्रे ठोकायचा आणि घरी येऊन तिला. तिचे वडील विठू रत्नागिरीकडचे, जुन्या वळणाचे. त्यांचं म्हणणं, गावचे पंच बोलावू, त्यांच्यासमोर काडी मोडू आणि रीतीनं फारकत घेऊ. त्यांच्या भावकीत तसंच चालत आलेलं. नवऱ्यानं चारचौघांत गवताची काडी मोडली की बाई मोकळी.

बाबाजी हसला होता. "काका, आता काड्या कोण मोडतं? स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या घेऊ, नोटरीचा लाल शिक्का मारू, झाली फारकत."

"कोर्टात चालेल ना?" विठूनं विचारलं.

"चालतं."

सह्या झाल्या. खंडूनं तर पेन मागून घेऊन सही केली, कारण सुलू नावाची मुलगी त्यानं आधीच बघून ठेवली होती. पुढच्या लग्नसराईत बाबाजीनं स्वतः मिनलला मागणी घातली. ज्यानं पोरीला सोडवलं त्यानंच तिला पदरात घेतलं म्हणून विठूला तो देवमाणूस वाटला, आणि म्हातारा त्याच समाधानात गेला. बरं झालं गेला, कारण देवमाणसाचे पाय कसे मातीचे असतात ते मिनलला पुढं घरातच बघायला मिळालं.

यंदा बाबाजी काशीमीऱ्याच्या नाकाबंदीत सापडला. तोंडाशी मशीन धरलं आणि त्यात काय दिसायचं ते दिसलं. ज्यांना सल्ला विकायचा त्यांच्याच रांगेत वकीलसाहेब उभे राहिले. हात जोडले, गुन्हा कबूल म्हणाले, दंड भरला, घरी आले. घरी आल्यावर काय करायचं ते त्याच्या सल्ल्यात कधी नसायचं. ते त्यानं मिनलवर करून दाखवलं. लायसन्स निलंबित झालेलं, स्कूटर चालवता येत नव्हती, हात चालत होते.

सुजलेला ओठ घेऊन मिनल एका खऱ्या वकीलबाईंकडे गेली. तिला घटस्फोट हवा होता आणि सुटताना डोक्यावर छप्पर हवं होतं, याहून जास्त काही नाही. वकीलबाईंनी पहिल्या लग्नाचं काय झालं ते विचारलं. मिनलनं फारकतीचा कागद मोठ्या विश्वासानं पुढं केला. बाईंनी तो वाचला, उलटा करून पाहिला.

"आणि कोर्टाचा निकाल?"

"हाच की."

"हा नुसता कागद आहे. नोटरी घटस्फोट देत नाही, कोर्ट देतं. तुमच्यात काडीमोडीची रीत होती ना? पंच बसवून तेवढी जरी केली असती तरी ती कोर्टात सिद्ध करायचा प्रयत्न केला असता. तुम्ही कोर्टातही गेला नाहीत आणि पंचांकडेही नाही." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "कायद्यानं तुम्ही अजून खंडूच्याच बायको आहात. बाबाजीवर मारहाणीची तक्रार करू, पोटगीसाठी भांडू. पण समोरचा पहिल्याच तारखेला हाच कागद काढणार. आधी खंडूकडून संमतीनं रीतसर घटस्फोट घ्या, म्हणजे निदान त्या लग्नातून तरी मोकळ्या व्हाल. तो येतो का बघा."

बाबाजी जेवायला बसला होता. मिनलनं वाढता वाढता विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तो कागद चालत नाही ते?"

"टाईप करतानाच." त्यानं भात कालवला. "आमटी वाढ."

"मग माझ्याशी लग्न कशाला केलंत?"

"अशी बायको कुणाला मिळते गं? जिला सोडायला काहीच लागत नाही. आत्ता ऊठ आणि जा. खोली माझ्या नावावर. तू कोण? माझ्याकडे राहायला आलेली खंडूची बायको."

मिनलला त्याचं ताट उचलून त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं. तिनं आमटी वाढली. पहिल्या नवऱ्याचा मार खाऊन ज्याच्या दारात ती न्याय मागायला गेली, त्यानं तेव्हाच तिला हेरून ठेवलं होतं, हे तिला त्या आमटीची वाटी हातात असताना नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी ती काशीमीऱ्याला गेली. गॅरेजाच्या मागंच खंडूची खोली होती. तो दातांत आगपेटीची काडी धरून एका टेम्पोचा दरवाजा सरळ करत होता. मिनलला बघून हातोडा थांबला.

"कोर्टात यावं लागेल," मिनल म्हणाली. "दोघांच्या संमतीनं. कायद्यानं आपलं लग्न अजून तसंच आहे."

"काय पण बोलतेस. सही केलीय मी."

"नोटरीच्या कागदानं कुणी सुटत नाही. वकीलबाईंनी सांगितलं. मी पण सुटले नाही, तुम्ही पण नाही."

खंडूनं काडी या गालातून त्या गालात सरकवली. "म्हणजे नंतर केलेलं लग्न?"

"ते धरत नाहीत."

"माझं पण?"

इथं मिनलनं थांबायला हवं होतं. पण बुडणाऱ्या माणसाला फक्त काठ दिसतो, आणि तिला खंडूची मान हो म्हणून हललेली बघायची होती. "तुमचं पण," ती म्हणाली.

खंडूचा चेहरा उजळला. कर्ज माफ झाल्यासारखा. "म्हणजे हिला सोडायला मला कोर्ट नको, वकील नको, काय नको?"

हिला म्हणताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, नुसता अंगठा दाखवला. दारात सुलू उभी होती. हातात चहाचे कप, सातवा महिना लागलेला, मोठी मुलगी गाऊनला धरून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तिसरीपण पोरगीच होणार हिला," खंडू म्हणाला. "माझी आई कधीपासून सांगतेय, बायको बदल म्हणून." त्यानं दातांतली काडी काढली, कट्कन मोडली आणि सुलूच्या पायाशी टाकली. "घे. तुझी काडी मोडली. जा आईकडे." टेम्पोखालचे दोघं मेकॅनिक खो खो हसले. खंडू मिनलकडे वळला, "येतो मी कोर्टात. कधी यायचं तेवढं सांग."

जे मागायला आली होती ते मिनलला मिळालं होतं. हायवेच्या स्टॉपपर्यंत ती जवळजवळ पळत आली. ट्रकांच्या आवाजात मागून हाक ऐकू आली, "ताई." सुलू होती. धापा टाकत होती, पण रडत नव्हती. तिनं मूठ उघडली. आत काडीचे दोन्ही तुकडे होते.

"ताई, आमच्या गावात पण हीच रीत. पण काडी बायकोचीच मोडतात ना? दुसऱ्या कुणाची मोडतात का? म्हणजे त्यानं मला बायको धरलंच ना. ते दोघं पण बघत होते. तुम्ही पण बघितलंत." तिनं तुकडे रुमालात बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली. "पोटगी मागितली की हे दाखवीन. तुम्ही साक्षीला याल. कोर्टात चालेल ना?"

मिनलनं तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि वकीलबाईंचा पत्ता पर्समध्येच होता. पण सुलू आत्ता वकिलाकडे गेली, खंडूवर केस टाकली, तर खंडू बिथरणार आणि मग कोर्टात यायचा नाही. समोरून भाईंदरची बस येत होती. मिनलनं पर्स काखेत घट्ट धरली.

"चालतं," ती म्हणाली.

सुलूला रडू कोसळलं, सुखानं.